भयकथा आणि स्त्रीवादाचा धडा

काव्यानें उपदेश करावयाचा तो धन्याच्या आज्ञेसारखा नव्हे, मित्राच्या सल्ल्यासारखाहि नव्हे, तर कांतेच्या बोलण्यासारखा, हें मम्मटाचें मत आपल्याकडील रसिकांस सुपरिचित आहे. मन वळवावें, पण वळविलें जात असल्याची टोंचणी लागूं देऊं नये, हें त्यांतील मर्म होय. शाळेच्या वर्गांत वाङ्मय शिरलें म्हणजे या मर्माची कसोटी लागते. तेथें वेळेचें बंधन असतें, परीक्षेचा धाक असतो, आणि शिक्षकाला प्रत्येक गोष्टीचें तात्पर्य फळ्यावर लिहून द्यावेंसें वाटतें. मग कांतेची जागा धनी केव्हां घेतो, तें शिक्षकाच्याहि ध्यानांत येत नाहीं.

हा विचार मनांत येण्याचें कारण अमेरिकेंतील हायस्कुलांत रुळलेली एक पद्धति. तेथील वरच्या इयत्तांतील मुलामुलींना इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला ‘गॉथिक’ नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लघुकथा वाचावयास देतात, आणि त्यांच्या आधारें स्त्रीवादाची ओळख करून देतात. शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही या प्रकारांतील सर्वांत मान्यता पावलेली कथा. तिच्या जोडीला केट शोपॅन यांची ‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन अवर’ आणि विल्यम फॉक्नर यांची ‘अ रोझ फॉर एमिली’ या कथाहि पुष्कळदां असतात. सामाजिक विचार शिकविण्यासाठीं भुताखेतांच्या वळणाच्या कथा निवडाव्या, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. आमच्या मतें ही निवड योग्य आहे. मात्र ती एका अटीवर फळास येते. भयकथेंतून स्त्रीवाद शिकवितां येतो तो तिला भयकथा राहूं दिली तरच. भीति वजा करून जें उरतें, तें तत्त्व नव्हे. तत्त्वाचें टरफल होय.

प्रथम ‘गॉथिक’ या शब्दाचा थोडा खुलासा केला पाहिजे. होरेस वॉल्पोल यानें १७६४ सालीं ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षीं दुसऱ्या आवृत्तींत तिला ‘गॉथिक कथा’ असें उपपद जोडलें. पडके किल्ले, भुयारें, कुलुपबंद दालनें आणि पिढ्यान्‌पिढ्या भोंवणारे शाप यांनीं भरलेल्या कथांस तेव्हांपासून हें नांव पडलें. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ या १७९४ सालच्या कादंबरीनें या कथाप्रकाराची नायिका कायमची ठरवून टाकली. परक्या किल्ल्यांत अडकलेली आणि तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवणाऱ्या पुरुषाच्या ताब्यांत सांपडलेली एकाकी तरुणी ती हीच. रॅडक्लिफबाईंची एक लकब मोठी अर्थपूर्ण आहे. त्यांच्या कथेंतील भुतांचा उलगडा शेवटीं साध्या लौकिक कारणांनीं होतो. पण किल्ल्याचा धनी मोंटोनी याच्या लोभाचें तसें निरसन होत नाहीं. भुतें खोटीं ठरतात आणि लोभ खरा ठरतो.

यांत केवळ कल्पनाविलास नव्हता. ओट्रान्टोनंतर एकाच वर्षानें, १७६५ सालीं, इंग्लंडच्या कायद्यावरील ब्लॅकस्टनच्या विख्यात ग्रंथाचा पहिला खंड निघाला. विवाहानंतर स्त्रीचें कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वांत विलीन होतें, हा जुना नियम त्यांत नमूद आहे. तिची मिळकत त्याची, तिचा करारमदार त्याच्या नांवाचा. इंग्लंडांत हा नियम बऱ्याच अंशीं मोडावयास १८८२ सालचा कायदा यावा लागला, आणि अमेरिकेंतील निरनिराळ्या संस्थानांनीं एकोणिसाव्या शतकांत तो एकामागून एक सैल केला. जी घरांत हिंडते फिरते, पण कायद्याच्या दृष्टीला दिसत नाहीं, अशा व्यक्तीला भूत म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें? एलन मोअर्स यांनीं १९७६ सालीं स्त्रियांनीं लिहिलेल्या अशा वाङ्मयास ‘स्त्रियांचें गॉथिक’ या अर्थाचें स्वतंत्र नांव दिलें. पण तें नांव मिळण्यापूर्वीं दोन शतकें ही वस्तु अस्तित्वांत होती. सारांश, स्त्रीवाद हा गॉथिक कथेला मागाहून लावलेला अर्थ नव्हे. घर हेंच भयाचें स्थान, हें तिचें मूळ सूत्रच स्त्रीजीवनांतून आलेलें आहे.

आतां मुख्य कथेकडे वळूं. गिलमनबाईंचा जन्म १८६० सालचा. १८८४ सालीं चार्ल्स वॉल्टर स्टेटसन या चित्रकाराशीं त्यांचा विवाह झाला, पुढच्या वर्षीं मुलगी झाली, आणि त्यानंतर त्यांना खोल औदासीन्यानें घेरलें. १८८७ सालीं त्या फिलाडेल्फिया शहरीं डॉ. सायलस वेअर मिचेल या प्रख्यात मज्जाविकारतज्ज्ञाकडे उपचारासाठीं गेल्या. अंथरुणावर पडून राहणें, भरपूर खाणें, अंग रगडून घेणें आणि माणसांपासून दूर ठेवणें, अशी त्यांची ‘विश्रांतिचिकित्सा’ होती. घरीं पाठवितांना त्यांनीं शक्य तितकें घरगुती जीवन जगण्याचा, दिवसांतून दोनच तास बौद्धिक व्यवसायाला देण्याचा, आणि लेखणी, कुंचला वा पेन्सिल जन्मभर हातीं न धरण्याचा सल्ला दिला, असें बाईंनींच पुढें लिहून ठेवलें आहे. त्या सल्ल्यानें त्या वेडाच्या कांठावर पोंचल्या. अखेर त्यांनीं सल्ला झुगारला, लेखणी उचलली, आणि १८९० सालीं ही कथा लिहिली. ती जानेवारी १८९२ च्या ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्यें प्रसिद्ध झाली.

येथें महाराष्ट्रीय वाचकास थोडें थांबावेंसें वाटेल. ज्या फिलाडेल्फियांत हा सल्ला दिला गेला, त्याच शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्यें डॉक्टर झाल्या होत्या, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. १८८७ च्या फेब्रुवारींत आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या. त्याच वर्षीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील रमाबाईंचा इंग्रजी ग्रंथ फिलाडेल्फियांतच छापला गेला, आणि त्याच वर्षीं गिलमनबाईंची लेखणी त्याच शहरांत काढून घेण्यांत आली. एकाच नगरींत एक दार स्त्रीला वैद्य होऊं देत होतें आणि दुसऱ्या दाराआड वैद्य स्त्रीला लिहूं देत नव्हता. सुधारलेला देश व मागासलेला देश अशी सोपी विभागणी करणाऱ्यांनीं हा योगायोग ध्यानांत ठेवावा. आणखी एक गोष्ट मुलांस अवश्य सांगण्याजोगी आहे. याच डॉ. मिचेल यांनीं १८८५ सालीं ओवेन विस्टर या प्रकृति खालावलेल्या तरुणाला पश्चिमेकडे वायोमिंगच्या मोकळ्या रानांत पाठविलें, आणि तोच पुढें त्या प्रदेशावर लिहून नामांकित कादंबरीकार झाला. थकलेल्या पुरुषाला रान आणि थकलेल्या स्त्रीला अंथरूण! हे दोन सल्ले शेजारीं शेजारीं ठेवले, तर वर्गाला निराळें व्याख्यान ऐकविण्याची गरज राहत नाहीं.

कथा अशी आहे. जॉन नांवाचा डॉक्टर आपल्या आजारी पत्नीला घेऊन उन्हाळ्यापुरत्या भाड्यानें घेतलेल्या एका जुन्या वाड्यांत राहावयास येतो. तिला खालची, व्हरांड्याकडे उघडणारी खोली हवी असते. तो वरची मोठी खोली पसंत करतो. ती पूर्वीं मुलांची खोली असावी असा तिचा समज. खिडक्यांना गज आहेत, भिंतींना कड्या आहेत, पलंग जमिनीला खिळलेला आहे. भिंतींवर किळसवाण्या पिवळ्या रंगाचा नक्षीदार कागद चिकटविलेला आहे. लिहिण्याची बंदी असल्यानें ती लपून टिपणें लिहिते, आणि तीं टिपणें म्हणजेच ही कथा. दिवसेंदिवस तिला त्या नक्षीच्या आड दुसरी नक्षी दिसूं लागते, मग नक्षीच्या गजांआड एक बाई दिसते, आणि ती बाई गज हालवूं लागते. शेवटच्या दिवशीं ती दाराला कुलूप लावून किल्ली खालीं फेंकते, कागद ओरबाडून काढते, आणि भिंतीला खांदा घासत खोलीभर रांगूं लागते. दार उघडून तें दृश्य पाहतांच जॉन मूर्च्छित पडतो. आणि ती त्याच्या अंगावरून रांगत आपली फेरी चालू ठेवते.

या कथेचें सामर्थ्य जॉनच्या चित्रणांत आहे. तो दुष्ट नाहीं. तो तिला मारीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं, दुसरीच्या नादीं लागत नाहीं. तो तिच्यावर प्रेम करतो, तिला उचलून वर नेतो, तिला लहान मुलीसारखें चुचकारतो. तिनें कांहीं मागितलें कीं हंसतो. पति तोच आणि वैद्यहि तोच, त्यामुळें त्याच्या निर्णयावर दाद मागण्यास जागाच नाहीं. भाऊहि वैद्य, आणि त्याचेंहि मत तेंच. आपण आजारी आहों असें ती म्हणाली तर तो मानीत नाहीं, आणि आपण बरें होत नाहीं असें म्हणाली तर तेंच आजाराचें लक्षण ठरतें. जॉन राक्षस असता, तर वाचक ‘आमच्या घरीं असें नाहीं’ म्हणून समाधानानें पुस्तक मिटता. तो सज्जन आहे, म्हणून पुस्तक मिटत नाहीं. स्त्रीवाद म्हणजे पुरुषांवरील फिर्याद, या समजुतीनें जे मुलगे अंग चोरून बसतात, त्यांच्यासाठीं हीच जागा महत्त्वाची. ही कथा एका माणसाच्या मनावर खटला भरीत नाहीं. एकानें दुसऱ्याच्या वतीनें सर्व कांहीं ठरवावें, या व्यवस्थेवर भरते. ती व्यवस्था पति-पत्नींतच असते असें नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलाला ती स्वतःच्या घरींहि सांपडेल.

वर्गांत या कथेची हानि होते ती दोन रीतींनीं. पहिली रीत प्रतीकांच्या कोष्टकाची. पिवळा रंग म्हणजे रोग, गज म्हणजे विवाह, आंतील बाई म्हणजे समस्त स्त्रीजाति, असें समीकरण एकदां वहींत उतरलें, कीं विद्यार्थ्याला कथेची भीति उरत नाहीं, आणि भीतीबरोबर कथाहि उरत नाहीं. भिंतीवरची बाई प्रथम भिंतीवरची बाईच वाटली पाहिजे. रात्रीं एकट्यानें वाचतांना पान उलटण्याचा धीर होऊं नये, अर्थ त्यानंतर. दुसरी रीत चरित्राची. कथानायिका म्हणजे गिलमनबाईच, आणि कथा म्हणजे डॉक्टरांस दिलेलें उत्तर, एवढ्यावर शिक्षक थांबतो. बाईंनीं स्वतःहि १९१३ सालीं आपण ही कथा कां लिहिली, तें सांगतांना याच अंगावर भर दिला, आणि ती वाचून डॉ. मिचेल यांनीं उपचारपद्धति बदलल्याचें आपल्या कानीं आलें, असें लिहिलें. त्या बदलाला पुष्टि देणारा पुरावा पुढील संशोधकांस मिळालेला नाहीं. पण तो मिळता, तरीहि कथेचें मोल त्यानें वाढलें नसतें. बाई बऱ्या झाल्या व पुढें ‘विमेन अँड इकॉनॉमिक्स’ हा १८९८ सालचा ग्रंथ लिहून विचारवंत म्हणून गाजल्या. नायिका मात्र अजून त्या खोलींतच रांगते आहे. हा फरक मोठा आहे.

याउलट ज्या प्रश्नांचीं उत्तरें कथेंतूनच शोधावीं लागतात, असे तीन प्रश्न आम्ही सुचवूं. किल्ली कोणापाशीं आहे? लेखणी कोणापाशीं आहे? आणि नांव कोणाला आहे? जॉनला नांव आहे, नणंदेला आहे, दाईला आहे, सांगणारीला नाहीं. अगदीं शेवटीं ‘जेन’ असें एक नांव अकस्मात् येतें, आणि तें तिचें स्वतःचेंच असावें असें पुष्कळांना वाटतें; म्हणजे तिला नांव लाभलें तें स्वतःला परकी झाल्यावर! लेखणी ती लपवून चालविते. आणि किल्ली? ती प्रथमच तिच्या हातीं येते, तेव्हां ती दार आंतून लावून घेते व किल्ली खिडकींतून टाकून देते. येथें शेवटाचा जुना वाद उपस्थित होतो. हा विजय कीं पराजय? कित्येक टीकाकार यांत मुक्ति पाहतात, कित्येक सर्वनाश. आमच्या मतें कागदाआडच्या बाईला तिनें सोडविलें, पण स्वतःला खोलीबाहेर काढणें तिला साधलें नाहीं. रांगणें हें आपल्या भाषेंत तान्ह्या मुलाचें चालणें. मुलांच्या खोलींत ठेवलेली बाई शेवटीं मूल होऊनच फिरते. तरीहि मूर्च्छित पडतो तो जॉन, आणि ती थांबत नाहीं. शिक्षकानें एक बाजू निवडून दिली कीं कथा संपली. दोन्ही बाजू उघड्या ठेवून मुलांना घरीं जाऊं द्यावें.

शोपॅन यांची कथा चारदोन पानांचीच. ती १८९४ सालीं ‘व्होग’ नियतकालिकांत आली. शुद्ध गॉथिक ती नव्हे, पण वरची बंद खोली तिच्यांतहि आहे. हृदयविकार असलेल्या मॅलर्डबाईंना आगगाडीच्या अपघातांत पति गेल्याची वार्ता कळते. त्या रडतात, वर जातात, दार लावतात, आणि उघड्या खिडकींतून वसंतांतील झाडें पाहतां पाहतां त्यांना जाणवतें कीं आपण आतां स्वतंत्र आहों. तासाभरानें पति सुखरूप परत येतो आणि त्या प्राण सोडतात. आनंदाच्या भरानें हृदय बंद पडलें, असें वैद्य ठरवितात. वैद्याचें निदान पुन्हां चुकलेलें आहे, पण या खेपेस तें फक्त वाचकाला ठाऊक आहे. येथेंहि पति चांगला आहे, आणि ही गोष्ट मॅलर्डबाई मनाशीं कबूल करतात. म्हणून गिलमनबाईंनंतर ही कथा वाचावी.

फॉक्नर यांच्या १९३० सालच्या कथेचा उपयोग निराळा आहे. जेफर्सन गांवच्या एमिली ग्रिअर्सनबाईंच्या मरणानंतर, चाळीस वर्षें कोणीं न पाहिलेली वरची खोली गांवकरी फोडतात, आणि शय्येवर तिच्या प्रियकराचा सांगाडा व शेजारच्या उशीवर पांढुरका केस सांपडतो. बापानें सर्व वरांना हांकून लावलेली, आणि म्हणून बापाचें प्रेतहि न सोडणारी ही मुलगी. पण कथेचा कणा निवेदनांत आहे. ती सांगतो कोणी एक इसम नव्हे. सांगतें सबंध गांव, ‘आम्ही’ म्हणून. या ‘आम्हीं’नीं दुर्गंधि आली तेव्हां रात्रीं चोरून चुना टाकला, विष विकत घेतलेलें पाहिलें, कीव केली, कुजबुज केली, विचारलें मात्र कधीं नाहीं. टीकालेखांत ‘आम्ही’ म्हणून बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनींहि या कथेपुढें किंचित् सावध व्हावें. पहिल्या दोन कथांत स्त्रीभोंवतीं घर आहे. येथें घराभोंवतीं गांव आहे, आणि गांवांत वाचकहि आहे.

या पद्धतीवर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. कोंवळ्या वयाच्या मुलांना वेड व मृत्यु यांच्या कथा द्याव्या काय? ही शंका कथेइतकीच जुनी आहे. ‘अटलांटिक मंथली’च्या संपादकांनीं गिलमनबाईंची कथा परत केली ती तिनें आपण फार खिन्न झालों म्हणून, आणि प्रसिद्धीनंतर बोस्टनच्या एका डॉक्टरानें असें लिहूंच नये अशी तक्रार केली. आमचें उत्तर असें कीं मुलांना भय नवें नसतें. त्याला शब्द मात्र नसतात. ते शब्द देणें हेंच वाङ्मयाचें काम. अर्थात् ज्या शिक्षकाला वर्गांतील गप्प मुलीच्या चेहऱ्याकडे पाहण्यास सवड नाहीं, त्यानें ही कथा हातीं न घेतलेली बरी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या कथांतील स्त्रिया खात्यापित्या घरच्या व गौरवर्णीय आहेत. पिवळ्या खोलींतील बाईला विश्रांति सक्तीची होते. पण तिचें मूल सांभाळणारी दाई मेरी व घर चालविणारी नणंद जेनी यांच्या विश्रांतीचें काय? एमिलीच्या घरांत आयुष्य वेंचून शेवटीं मागच्या दारानें नाहींसा होणारा निग्रो नोकर कथेंत दोन शब्दहि बोलत नाहीं. गिलमनबाईंच्या इतर लेखनांत परवंशीयांविषयीं तुच्छता आढळते, आणि १९८९ सालीं सुझन लॅन्सर यांनीं त्या पिवळ्या रंगाचाच संबंध तत्कालीन अमेरिकेंतील आशियाई लोकांच्या धास्तीशीं जोडला. हें सारें मुलांपासून लपवूं नये. लेखिकेला देवी करून पूजणें, हाहि एक प्रकारचा कागद चिकटविणेंच आहे. आमच्या तीन प्रश्नांचा गुण हा कीं ते मेरीलाहि लावतां येतात. तिच्यापाशीं नांव आहे. किल्ली नाहीं, लेखणी तर नाहींच. जो विद्यार्थी हें आपण होऊन ओळखील, त्याला स्त्रीवादाचा धडा शिक्षकाच्या अपेक्षेपेक्षांहि पुढें कळला असें समजावें.

गिलमनबाईंची कथा १९२० सालच्या एका संग्रहांत आली, मग बरींच वर्षें केवळ भयकथा म्हणून वाचली गेली, आणि १९७३ सालीं स्वतंत्र पुस्तकरूपानें पुन्हां छापल्यावर ती स्त्रियांच्या चळवळीची कथा झाली. पहिल्या वाचकांना भय कळलें, अर्थ निसटला. आजच्या विद्यार्थ्याला अर्थ आगाऊ सांगितला जातो आणि भय निसटतें. दोन्ही वाचनें अर्धीं आहेत. मम्मटाची कांता जें सांगते तें ऐकणाऱ्याच्या मनांत आपोआप उमलावें लागतें. या कथेंतील कांतेला तर घरांत बोलूंहि दिलेलें नाहीं. ती फक्त कागदावर बोलते, तेंहि पावलें वाजलीं कीं थांबते. निदान शाळेच्या वर्गांत तरी शिक्षकानें तिचें बोलणें मध्येंच तोडूं नये, आणि तिच्या वतीनें आपण बोलूं नये. तसें करणारा शिक्षक कितीहि उदारमतवादी असला, तरी त्या तासापुरता जॉनच ठरतो.